शेपटीकडचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. आकाराने तुमच्या अंगठ्याएवढे, पितळी कड्यात बसवलेले आणि काम नसले की घडी होऊन आपल्याच कवचात शिरणारे. कड्याची एक बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे, कारण मला हातात धरणाऱ्या प्रत्येकाचा अंगठा नेमका तिथेच टेकत आला. काचेच्या काठाचा एक बारीक टवकाही उडालेला आहे. माणसांनी राईचा पर्वत केला की लोक त्यांना हसतात. मी जन्मभर तेच केले आणि मला मात्र शाबासकी मिळाली.

माझा जन्म कामाच्या एका अरुंद खोलीत झाला. तिथे दिवसभर एक ओले चाक फिरत असे आणि त्यावर काचेचे तुकडे घासले जात. काच घासणारा कारागीर अबोल होता. एखादे भिंग तयार झाले की ते डोळ्याला लावून तो आपल्याच बोटाच्या टोकावरच्या रेषा पाही. रेषा फिसकटलेल्या दिसल्या तर भिंग थेट टोपलीत जाई. माझी पाळी आली तेव्हा तो बराच वेळ बोट न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "हे जाऊ दे बाहेर." ती माझ्या आयुष्यातली पहिली परीक्षा. त्या दिवशी टोपली चुकली, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

मला विकत घेतले रफू करणाऱ्या एका तरुण मुलीने. जिन्याखालच्या जागेत तिचे दुकान होते. दुकान कसले, एक खुर्ची, एक दिवा आणि एक फळी. कुणाच्या कोटाला निखाऱ्याने भोक पडलेले असे, कुणाच्या शालीला कसर लागलेली असे. ती कपडा फळीवर पसरायची, पहिल्यांदा उलटी बाजू वर घ्यायची आणि मला डोळ्याला लावायची. "सुलट बाजू लोकांना दाखवायला असते," ती म्हणायची, "खरं काय झालंय ते उलट्या बाजूला कळतं." मग त्याच कापडाच्या शिवणीतून धागा ओढून ती भोकावर नवे कापड विणायची. एक उभा धागा, एक आडवा धागा. गिऱ्हाईक परत आले की कोट उजेडात धरायचे, फिरवून फिरवून पाहायचे आणि म्हणायचे, "अहो, भोक होतं कुठे?"  तेव्हा ती मला पुसून कवचात सरकवी, आणि मला वाटे, ही पाठ माझीच थोपटते आहे.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. भोक पडले की लोक कपडाच टाकून देऊ लागले. दुकान आधी अर्धा दिवस उघडे राहू लागले, मग कायमचे मिटले. तोवर त्या तरुण मुलीचे केस पिकले होते, मुलगा मोठा झाला होता, घरात सून आली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला होता. आता मीही त्यांना सासूबाईच म्हणते, कारण पुढच्या गोष्टीत त्या सासूबाई आहेत. त्यांनी मला शिलाई यंत्राच्या खणात ठेवले आणि खण लावून घेतला. बिनजोडीची चार बटणे, खडूचा तुकडा आणि गंजलेल्या टाचण्या, एवढेच माझे शेजारी. पितळ काळवंडले. काचेवर धुळीची साय जमली. मित्रांनो, वस्तू मोडल्याने संपत नाही. ती कुणाला आठवेनाशी झाली की संपते. मी जवळजवळ संपलेच होते.

खणाच्या फटीतून घरातले बोलणे मात्र ऐकू येई. घर दोन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावरचे. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात बहुतेक वेळ सासू आणि सून दोघीच. सून शाळेत शास्त्र शिकवायची. शाळेतली मुले तिला 'चिखलबाई' म्हणत, कारण तिच्या पायांना सदा चिखल लागलेला असे. शाळेमागची एक पडकी शेड पाडल्यावर तिथली जमीन खचून खळगा झाला होता. बाईंनी मुलांना हाताशी धरून त्याचे उथळ तळे केले होते. एका बाजूला घोट्याएवढे पाणी, दुसऱ्या बाजूला जेमतेम गुडघाभर. वरच्या मोठ्या झाडाची पाने त्यात पडून कुजत. तिथे चतुर येऊ लागले, मग बेडूक आले, आणि या वर्षी बेडकांनी पहिल्यांदा अंडी घातली होती.

सासू-सुनेचे भांडण कधी झाले नाही. पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. "चहाच्या बरणीत काय वळवळतंय?" असे सासूबाईंनी विचारायचे, "उद्या नेते हं, आई" असे बाईंनी म्हणायचे, इतकाच काय तो संवाद.

आणि एका शुक्रवारी बाई घरी आल्या त्या तशाच खुर्चीत बसून राहिल्या. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला. चहावर साय आली तरी कप तसाच.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारले.

बाईंनी सगळे सांगितले. दुसरीतली एक मुलगी चेंडू काढायला अनवाणी तळ्यात उतरली आणि किंचाळत बाहेर आली. पायावर लाल गांधी उठली, पाय सुजला. तिचे वडील बसचालक. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी ते तळ्यावर आले, काठीने कुजकी पाने उपसली आणि त्यात त्यांना अळ्या सापडल्या. करंगळीएवढ्या जाड, मातकट, चामड्यासारख्या कातडीच्या. एक त्यांनी पेल्यात घालून मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणून ठेवली.

"तिला चेहरा आहे, आई," बाई म्हणाल्या. "पाय नाहीत, काही नाहीत, पण चेहरा आहे. दोन काळे डोळे आणि भोवती शिंगांसारखं काहीतरी. ते बघून सगळ्यांची बोबडीच वळली. मुलीचे वडील म्हणाले, माझी पोर रात्रभर तळमळली, तुम्ही इथं काय पाळून ठेवलंय?"

"मग?"

"आरोग्य खात्याचे निरीक्षक येऊन गेले. मंगळवारी औषधाची पूड टाकणार आणि मग तळं बुजवणार. पूड पडली की बेडकांची पिल्लंसुद्धा वाचणार नाहीत. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. ते म्हणाले, अळीचं नाव सांगा आणि ती चावते की नाही ते सांगा. अंदाज नको."

"बरोबरच आहे त्याचं," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. त्यांनाही ते बरोबर वाटत होते, हीच तर पंचाईत होती. अळी निरुपद्रवी आहे असे ठोकून द्यायला काही लागत नव्हते. पण उद्या दुसऱ्या पोराचा पाय सुजला तर?

शनिवारी बाई शाळेतून डबाभर अळ्या घेऊन आल्या. शाळेचा सूक्ष्मदर्शक कधीचा मोडून पडला होता. कॉलेजात असताना वापरलेले किड्यांच्या ओळखीचे पुस्तक त्यांनी कपाटाच्या तळातून काढले. फोनने फोटो काढून पाहिले, तर पाणी हले आणि सगळे पुसट येई. रविवारी सकाळी त्या खिडकीशी बसून डोळे बारीक करून पाहत होत्या.  सासूबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "यंत्राच्या खणात बघ."

खण उघडला. इतक्या वर्षांनी उजेड अंगावर आला तेव्हा मला काही सुचेना. बाईंनी मला उचलले आणि ओढणीच्या टोकाने पुसायला घेतले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "काच आहे ती, ताटली नाही. मऊ सुती फडकं घे. आधी फुंकर मार, मग पूस. धूळ घासलीस तर चरे पडतील."

धुळीची साय निघाली. मित्रांनो, तो क्षण कसा होता सांगू? तुम्ही तापातून उठता आणि सकाळी सगळे लख्ख दिसते ना, तसा.

बाईंनी एका पांढऱ्या बशीत बोटभर पाणी घेतले, त्यात एक अळी सोडली आणि मला डोळ्याशी नेले. आजवर मी धागे पाहिले होते. पहिल्यांदाच धागा नसलेले, जिवंत काहीतरी पाहत होते. कातडी जाड पण किंचित पारदर्शक, आतून खाल्लेल्या पानांची काळी रेघ जाताना दिसत होती. आणि एका टोकाला तो चेहरा. खरेच चेहरा. दोन गोल काळे डोळे रोखून पाहत होते आणि त्यांच्याभोवती टोकदार पाकळ्या. बाईंनी हात झटकन मागे घेतला. खोटे कशाला बोलू, काचेवर काटा येत असता, तर माझ्याही अंगावर आलाच असता.

"मलाही दाखव," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मला सवयीने डोळ्याशी धरले. अंगठा नेमका झिजलेल्या जागी टेकला. पण त्यांच्या डोळ्यासमोर पांढऱ्या धुक्यापलीकडे काही नव्हते. त्यांनी मला परत केले. "तू सांग. मी ऐकते," एवढेच म्हणाल्या.

बाई सांगू लागल्या. डासाची अळी नाही, कारण ती पाण्याच्या पृष्ठभागाला खालून उलटी लटकते आणि तिचे डोके मोठे असते. जळू नाही, कारण टोकांना चिकटायच्या चकत्या नाहीत. फुलपाखराची अळी नाही, कारण एकही पाय नाही. पुस्तकाची रीत अशी होती की ते एक प्रश्न विचारी, त्याचे उत्तर दिले की पुढच्या प्रश्नाकडे नेई. पाय आहेत का? नाहीत. मग, डोके स्पष्ट दिसते, की अंगात ओढून घेतलेले असते? इथे गाडी अडली.

"डोकं तर समोरच आहे," बाई म्हणाल्या. "पण याला तोंड नाही. जबडा नाही. डोळे आहेत आणि तोंड नाही, असा कसा चेहरा?"

"उलटी बाजू बघितलीस?"

"तिकडे काहीच नाही, आई. नुसतं बोथट टोक."

"भोक पडलेलं असतं तिकडेच लोकांचं लक्ष जातं," सासूबाई म्हणाल्या. "मी आधी उलटं करून बघायचे. तू त्या चेहऱ्याकडे पाठ कर आणि जिथं काही नाही तिथं बघत बस."

बाईंनी बशी फिरवली. एक कुजके पान पाण्यात टाकले. अळीला उजेड सोसत नसावा, म्हणून पडदा ओढला. मग दोघी जणी एका बशीकडे तोंड करून बसल्या. अळी हलेना. वेळ जाईना. आणि वेळ घालवायला म्हणून का होईना, त्या बोलू लागल्या.

"तुम्ही काम का सोडलंत, आई?"

"डोळे गेले."

"मोतीबिंदू काढता येतो. डॉक्टर म्हणाले होते की."

"काढून बघायचं काय? हीच भिंत आणि हाच पंखा." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तू एवढी किड्यामुंग्यांत रमतेस, तुला किळस नाही येत?"

"येते. सुरुवातीला येते. मग नीट बघितलं की विसरायला होतं."

तेवढ्यात बोथट टोक फुगले. मी सगळ्यांत आधी पाहिले, पण मला तोंड कुठे होते सांगायला. त्या टोकातून, कासवाने मान काढावी तसे, एक चिमुकले, तपकिरी, चकचकीत डोके बाहेर आले. त्याला जबडा होता. त्याने पानाची कड धरली आणि कातरायला सुरुवात केली. करकर, करकर, अगदी निवांत. डोके असे पानाला टेकले होते आणि तिकडे दुसरे टोक हळूहळू वर उचलले गेले, पाण्याच्या पृष्ठभागाला लागले आणि फुलासारखे उमलले. सहा पाकळ्या. पाकळ्यांच्या कडांना बारीक केस. मधोमध ते दोन काळे ठिपके.

बाईंनी त्यावर काडीने पाण्याचा थेंब सोडला. पाकळ्या पटकन मिटल्या. थोड्या वेळाने परत उघडल्या.

"आई," बाई अगदी हळू म्हणाल्या, "हे डोळे नाहीत. ही नाकं आहेत. ही श्वास घेते आहे. डोकं पुढे आत लपवते आणि नाक मागे वर काढते."

सासूबाईंनी यावर विचार केला. "नाक मागे? मग शिंकते कशी?"

बाई हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मला परत एकदा पुसावे लागले. पुस्तकाच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरे आता भराभर मिळत गेली. आत ओढलेले डोके, मागे दोन श्वासरंध्रे, त्यांच्याभोवती सहा पाकळ्या. ही होती क्रेन फ्लायची अळी. क्रेन फ्लाय म्हणजे डासासारखी दिसणारी, पण खूप मोठी, लांबलचक पायांची माशी. दिवाणखान्यात शिरली की लोक चप्पल शोधतात, पण ती बिचारी कुणाला चावत नाही. पाण्यातली तिची अळी कुजकी पाने खाऊन जगते. म्हणजे ही अळी तळे घाण करत नव्हती, झाडत होती.

बाईंनी पुस्तक मिटले आणि समाधानाने हात वर ताणले. सासूबाई मात्र अजून बशीकडेच तोंड करून बसल्या होत्या.

"ही चावत नाही म्हणतेस."

"नाही चावत."

"मग त्या पोरीला चावलं ते कोण?"

बाईंचे हात खाली आले. त्या पोरीचा बाप हेच विचारणार होता. आणि त्याला उत्तर मिळाले नाही, तर पूड टाकायची ती टाकलीच जाणार होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर दोघी तळ्यावर गेल्या. सासूबाई रबरी बूट घालून, हातात पिठाची चाळणी घेऊन. "ही आता पीठ चाळायला वापरायची नाही हं," त्यांनी आधीच बजावले. मुलगी जिथून उतरली होती त्या काठाचा चिखल बाई चाळणीत घेत, पाण्यात हलवीत आणि उरलेले पांढऱ्या ताटात उलटे करीत. मी बाईंच्या गळ्यात, दोरीला लटकलेले. गोगलगाई निघाल्या, चतुरांची पिल्ले निघाली, आमच्या ओळखीच्या मातकट अळ्या तर किती तरी. प्रत्येकीची मागची बाजू मी पाहत होते. सहा पाकळ्या, सहा पाकळ्या, सहा पाकळ्या. ऊन उतरू लागले. बाईंची कंबर धरली.

"अजून एक चाळणी," सासूबाई म्हणाल्या.

त्या चाळणीत ती निघाली. फिकट पांढरी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि अंगावर ठरावीक अंतराने उंचवट्यांची कडी, जणू कुणी अंगठ्या चढवल्या आहेत. मागच्या टोकाला चेहरा नव्हता, पाकळ्या नव्हत्या. बाईंनी तिला तळहातावर घेतले आणि मला जवळ आणले. मी पाहिले, तिच्या पुढच्या टोकातून आकड्यासारखे दोन काळे सुळे बाहेर आले. ते खाली झुकले. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

पण बाईंनी अळी टाकली नाही. ती त्यांनी नीट बाटलीत सोडली आणि बोट समोर धरले.

"चावली हो, आई."

"दुखतंय?"

"खूप."

"मग हसतेस काय?"

"चावली म्हणून," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी ते बोट हातात धरून पाहिले, म्हणजे चाचपले. त्यावर लाल गांधी उठत होती, गरम लागत होती. घरी पुस्तकात शोधल्यावर कळले, ती अळी घोडमाशीची, म्हणजे गुराढोरांना चावणाऱ्या मोठ्या माशीची होती. शिकार करून जगणारी, चिखलात दडून बसणारी, आणि पायाखाली आली तर चावणारी. मातकट अळ्यांच्या गर्दीत ती अशी एखादीच होती. सगळ्यांचा ठपका मात्र चेहऱ्यामुळे दुसरीवर आला होता.

मंगळवारी सकाळी निरीक्षकांची स्कूटर शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. मागे पुडीची गोणी बांधलेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलावर दोन बशा मांडल्या होत्या. एका खुर्चीवर मुलीचे वडील गणवेशातच बसले होते, त्यांच्या मांडीला टेकून ती मुलगी उभी होती. तिच्या पायाची सूज उतरली होती, पण लाल खूण होती.

बाईंनी काही भाषण केले नाही. त्यांनी मला निरीक्षकांच्या हातात दिले आणि पहिली बशी पुढे सरकवली. निरीक्षक वाकले. आधी उभ्याने वाकले, मग खुर्ची ओढून बसले, मग त्यांनी टोपी काढून ठेवली. माझ्यातून पाहणारा माणूस खरेच पाहतो आहे हे मला लगेच कळते, त्याचा श्वास मंद होतो. यांचाही झाला. अळीने त्यांच्यासमोर डोके बाहेर काढले, पान कातरले आणि मागचे फूल उमलवले.

"हे डोळे नाहीत?" त्यांनी विचारले.

"श्वासाची भोकं. थेंब टाकून बघा."

त्यांनी थेंब टाकला. पाकळ्या मिटल्या. त्यांनी आणखी एक थेंब टाकला. मुख्याध्यापक खाकरले तेव्हा कुठे ते भानावर आले.

मग बाईंनी दुसरी बशी दाखवली, आणि आपले बोट मुलीच्या पायाशेजारी धरले. दोन्हीकडे सारखीच खूण. मुलगी खाली बसून कधी बोट, कधी पाय पाहत राहिली.

"तुम्हाला पण?" तिने विचारले.

"काल चावली."

"रडलात?"

"थोडी."

मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. तिचे वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही बशा माझ्यातून पाहिल्या, वेळ घेऊन. मग म्हणाले, "कळलं. ज्यांना मी दोष दिला त्या या नव्हेत. पण बाई, ती दुसरी तर तळ्यात आहेच ना? उद्या परत चावली तर?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता आणि बाईंनी तो टाळला नाही. "आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी झाली. मुलांना अनवाणी उतरू द्यायला नको होतं. यापुढे बुटांशिवाय कुणी पाण्यात जाणार नाही. काठाचा चिखल मी नेमाने चाळीन. आणि काठावरून पाणी दिसेल, चिखलात पाय घालावा लागणार नाही, अशी काही सोय करू."

बसचालकांनी थोडा विचार केला. "फळ्या टाका," ते म्हणाले. "डेपोत जुन्या बसच्या तळाच्या फळ्या पडल्या आहेत. मी आणून ठोकून देतो. पण चांगल्या ठोकीन, डुगडुगता कामा नये."

निरीक्षकांनी आपल्या कागदावरचा 'अनोळखी अळी' हा शब्द खोडला आणि त्या जागी बाईंनी सांगितलेली दोन्ही नावे लिहिली. तळे बुजवण्याचा हुकूम त्यांनी रद्द केला. जाताना गोणी स्कूटरवर परत बांधली, दोरी आवळली आणि थांबून म्हणाले, "बाई, आणखी एक पाणी आहे, गावाबाहेरच्या खाणीतलं. तिथल्या अळ्याही लोकांनी मला दाखवल्या होत्या. मी आणल्या तर बघाल?"

"आणा की," बाईंच्या आधी सासूबाईच म्हणाल्या. त्या दाराशी उभ्या होत्या. चाळणी अजून हातात होती.

त्या रविवारी बसचालकांनी तळ्यावर फळ्यांचा साकव घातला. तो आजही जागचा हलत नाही. बेडकांच्या पिल्लांना पाय फुटले, शेपट्या गेल्या आणि एका सकाळी काठावरचे गवत आपोआप उड्या मारते आहे असे वाटू लागले. आणि घरी सासूबाईंनी डॉक्टरांचा नंबर मागितला.  बाईंनी लगेच नंबर लावून दिला.

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या दिवशी सासूबाईंनी बशी मागवली, पडदा ओढायला लावला आणि मला हातात घेतले. मी त्यांच्या डोळ्याशी गेले. या वेळी मध्ये धुके नव्हते. किती तरी वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट पाहिली. अळीने सावकाश फूल उमलवले. सासूबाईंचे ओठ हलत होते, उभे आडवे धागे मोजताना हलत तसे.

"सहा," त्या म्हणाल्या. "बरोबर मोजलंस तू."

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सासूबाईंनी तो तिथेच राहू दिला.

वर्गातल्या बरणीत ओल्या मातीत आणि पानांत ठेवलेली एक अळी पुढे कोष होऊन स्वस्थ पडली. मुले रोज डोकावत. एका सकाळी, ऐन गणिताच्या तासाला, कोष उभा चिरला. बाईंनी फळ्यावरचे गणित अर्धे सोडले. कोषातून पाठ आली, पंख आले, आणि मग पाय निघू लागले. एक पाय येतो आहे, येतो आहे, अजून येतोच आहे. एवढ्याशा कोषात एवढे लांब पाय कसे मावले होते हे कुणालाच कळेना. जिचा पाय सुजला होता तिने हात पुढे केला. ती माशी तिच्या मनगटावर चढली, लांब पायांवर झुलत पंख वाळवत राहिली. मुलगी हलली नाही. दिवसाच्या उजेडात पंखांवरच्या शिरा मी एकेक करून पाहिल्या. त्यांच्याइतकी बारीक वीण मी जन्मात पाहिली नव्हती, आणि मी काही थोडी वीण पाहिलेली नाही. मग माशी उडाली, खिडकीच्या चौकटीवर आदळली, सावरली आणि तळ्याकडे गेली. त्या दिवशी मुलांनी तिचे नाव लंबूटांग ठेवले आणि शाळा सुटेपर्यंत दुसरा विषय निघाला नाही.

मित्रांनो, आता मी साकवाच्या कठड्याला दोरीने बांधलेले असते. माझ्यावर थोडे चरे पडले आहेत, पण हातांना तोटा नाही. मला नाण्यांच्या खिशात टाकू नका. बोटाने पुसू नका, आधी फुंकर मारा. काम झाले की मिटून ठेवा, कारण उन्हात उघडे राहिले तर मी वाळक्या पानाला चटकाही देऊ शकते. आणि एक विनंती आहे. एखाद्या उथळ पाण्यात तुम्हालाही काहीतरी वळवळताना दिसेल. किळस येईल, भीती वाटेल. त्याला नावे ठेवायला क्षणही लागत नाही. त्याचे नाव शोधायला मात्र सवड लागते, हात चिखलात घालावे लागतात आणि प्रसंगी बोटाला चावाही सोसावा लागतो. तेवढे तुम्ही करा. बाकीचे दाखवायचे काम माझे.